काढा बाजूला ठेवा, दिवस मोजा

वाचकाचं पत्र, थोडक्यात आणि ओळख पटणार नाही अशा बेतानं: वय २९, पिंपरी-चिंचवडच्या एका कारखान्यात नोकरी. महिन्यापूर्वी कामानिमित्त परगावी असताना ओळखीतल्या एका बाईंशी कंडोमशिवाय संबंध आला. सतराव्या दिवशी ताप भरला, घसा धरला, मानेत आणि काखेत गाठी आल्या, छातीवर बारीक पुरळ उठलं. डेंग्यूची तपासणी निगेटिव्ह, पांढऱ्या पेशी ३२००, प्लेटलेट जरा कमी. डॉक्टर म्हणाले, व्हायरल आहे. पाच दिवसांत ताप उतरला. एकविसाव्या दिवशी यांनी गुपचूप एका खासगी लॅबमध्ये एचआयव्हीची रॅपिड टेस्ट केली. ‘निल आहे, टेन्शन नका घेऊ,’ असं लॅबवाला म्हणाला. तेव्हापासून गुळवेलीचा काढा, झिंकच्या गोळ्या आणि ‘इम्युनिटी’ची पावडर चालू आहे. पत्र लिहिलं त्या दिवशी एकतिसावा दिवस होता आणि लग्न सात आठवड्यांवर. त्यांचे प्रश्न असे: विषाणू शिरला असलाच, तर प्रतिकारशक्ती वाढवून त्याला मूळ धरण्याआधीच घालवता येईल का? सीडी-४ (प्रतिकार करणाऱ्या एका जातीच्या पांढऱ्या पेशी) तपासून घेऊ का? होणाऱ्या बायकोला सांगू का? आणि घरात मी माझा कप, ताट वेगळं ठेवलंय, ते बरोबर आहे ना?

नमस्कार.

तुमचं पत्र आलं त्याच संध्याकाळी मी तुम्हाला चार ओळींचं उत्तर पाठवलं होतं. सदराची पाळी यायला वेळ लागतो आणि तुमच्या प्रकरणात एकेक दिवस मोजायचा आहे. आता सविस्तर लिहिते, कारण अशी पत्रं मला वर्षाकाठी बरीच येतात आणि बहुतेकांत काढा असतोच.

मी डॉक्टर नाही. सरकारी रुग्णालयातल्या एचआयव्ही तपासणी केंद्रात समुपदेशक म्हणून पुष्कळ वर्षं टेबलाच्या अलीकडे बसले. पलीकडे बसलेल्यांकडून जे शिकले आणि डॉक्टरांना विचारून विचारून जे समजून घेतलं, तेवढंच सांगणार आहे.

त्या ‘निल’पासून सुरुवात करू. रॅपिड टेस्टची पट्टी तुम्ही पाहिली असेल. बोटाएवढी पांढरी प्लास्टिकची, मधे एक छोटीशी खिडकी. रक्ताचा थेंब टाकतात, वर द्रावणाचे एक-दोन थेंब, आणि मग पंधरा-वीस मिनिटं वाट बघायची. ‘सी’समोर रेघ उमटली म्हणजे पट्टी धड चालली. ‘टी’समोर उमटली म्हणजे रक्तात एचआयव्हीविरुद्धची प्रतिपिंडं, म्हणजे अँटिबॉडीज सापडल्या. आमच्याकडे एक ड्रायव्हर यायचे, ते त्या खिडकीकडे टक लावून बसायचे आणि दर मिनिटाला विचारायचे, ‘बाई, एकच रेघ ना?’ एकदा मी त्यांना म्हटलं, अहो, ही पट्टी विषाणूला बघतच नाही. तुमच्या शरीरानं त्याच्याविरुद्ध काय तयार केलंय, तेवढंच बघते.

तुमचा घोटाळा नेमका इथे झालाय. ‘रिपोर्ट निगेटिव्ह आला, म्हणजे माझी प्रतिकारशक्ती चांगली’ असं तुम्ही लिहिलंय. पण लागण झालीच असेल, तर त्या पट्टीवरची रेघ तुमच्या प्रतिकारशक्तीनंच उमटवायची असते. तिला प्रतिपिंडं बनवायला वेळ लागतो. अँटिबॉडी शोधणाऱ्या चाचण्यांना लागण पकडायला साधारण २३ ते ९० दिवस लागतात, आणि तुम्ही एकविसाव्या दिवशी गेलात. सुगी यायच्या आधी खळ्यावर जाऊन पोती मोजल्यासारखं झालं ते. त्या लॅबवाल्यानं तुम्हाला एकच प्रश्न विचारायला हवा होता, ‘संबंध कधी आला होता?’ तो विचारला नाही याचा मला राग आहे. पण राग बाजूला ठेवते, पुढचं महत्त्वाचं आहे.

आता प्रतिकारशक्ती वाढवण्याकडे येऊ. आपल्या डोक्यात ती पाण्याच्या टाकीसारखी असते. पातळी खाली गेली की आजार, वर गेली की तब्येत ठणठणीत. कोविडनंतर तर हे चित्र फारच घट्ट बसलंय. किराणा दुकानात बिस्किटांच्या शेजारी इम्युनिटी विकायला असते. आणि एचआयव्ही म्हणजे ‘प्रतिकारशक्ती कमी होण्याचा रोग’ हे आपण इतकी वर्षं ऐकलंय, की तो पहिल्या दिवसापासून माणसाला दुबळा करत नेतो असंच वाटतं. पहिल्या काही आठवड्यांत घडतं ते जवळपास याच्या उलट.

विषाणू शरीरात शिरल्यावर पहिले सात ते दहा दिवस बाहेरून काहीच कळत नाही. रक्त तपासलं तरी तो सापडत नाही. या काळात तो शिरलेल्या जागेच्या आतल्या अस्तरात थोड्या पेशी धरतो आणि तिथून जवळच्या लसिका गाठींत, म्हणजे प्रतिकार करणाऱ्या पेशी जिथे जमतात तिथे, पोचतो. गंमत म्हणण्यासारखी नाही, पण गंमत अशी की त्याला गाठींपर्यंत न्यायला आपल्याच पहारेकरी पेशी मदत करतात. त्यांचं कामच ते. परका कुणी दिसला की त्याला गाठीत नेऊन इतरांना दाखवायचं. आणि गाठीत जमलेल्या असतात सीडी-४ पेशी, म्हणजे नेमक्या ज्यांच्यात शिरून या विषाणूला वाढायचं असतं त्या. त्यातही निवांत बसलेल्यांपेक्षा जाग्या झालेल्या, लढायला उठलेल्या सीडी-४ त्याला जास्त मानवतात. म्हणजे गावात दवंडी पिटून माणसं चावडीवर बोलावली, आणि चोर चावडीतच बसलेला.

मग तो झपाट्यानं वाढतो. दुसऱ्या ते चौथ्या आठवड्यात रक्ताच्या एका मिलिलिटरमध्ये त्याच्या लाखो, कधी कोटीच्या घरात प्रती असतात. शरीर गप्प बसत नाही. इंटरफेरॉनसारखे धोक्याचे संदेश रक्तात सुटतात, एकामागून एक, लाटेसारखे. ताप, अंगदुखी, गळून जाणं हे बरंचसं त्या संदेशांचं काम. काखेत गाठ येते ती पायाला जखम झाल्यावर जांघेत अवधाण येतं तशीच, आत पेशींची गर्दी झाल्यामुळे. सीडी-८ नावाच्या मारेकरी पेशी फौजेनं वाढतात आणि विषाणू असलेल्या पेशी मारायला लागतात. त्यांच्यामुळेच विषाणूचं प्रमाण शिखरावरून खाली येतं आणि ताप उतरतो. काढ्यानं नव्हे. काढा घ्यायच्या आतच तो उतरला होता, तुमच्याच पत्रात लिहिलंय.

ही लढाई इतकी जोरदार असूनही ती जिंकली का जात नाही? मला हे समजायला फार वेळ लागला. एक कारण म्हणजे हा विषाणू स्वतःची नक्कल करताना सतत चुका करतो. मारेकरी पेशींनी त्याचा चेहरा ओळखायला शिकावं, तोवर काही आठवड्यांत त्याचे बदललेले चेहरे तयार असतात. प्रतिपिंडंही येतात, पण त्याला खरोखर निकामी करू शकतील अशी यायला महिने लागतात, आणि तोवर हा पुढे निघून गेलेला. दुसरं म्हणजे काही सीडी-४ पेशींच्या जनुकांत तो स्वतःला शिवून घेतो आणि तिथे झोपून राहतो. माकडांवरच्या प्रयोगात तशा विषाणूची ही लपण्याची जागा तीन दिवसांत तयार झालेली दिसली होती. झोपलेल्या पेशीला कुठलीच प्रतिकारशक्ती ओळखत नाही, मग ती गुळवेलीची असो की कुणाची.

आणि तिसरं, ज्याच्यासाठी एवढं लांबण लावलं, ते पोटातलं. सीडी-४, सीडी-८ अशा रक्तात दिसणाऱ्या या पेशी म्हणजे शरीरातल्या सगळ्यांच्या जेमतेम दोन टक्के. खूप मोठा साठा आतड्याच्या अस्तरात असतो, कारण बाहेरच्या जगाशी सगळ्यात जास्त संबंध तिथेच येतो. तिथल्या सीडी-४ पेशी पुष्कळशा विषाणूला हव्या तशाच, सतत जाग्या. १९९८ मध्ये माकडांत आणि २००४ च्या सुमारास माणसांत असं दिसून आलं की लागणीनंतर पहिल्या काही आठवड्यांतच आतड्यातल्या या पेशी मोठ्या प्रमाणावर नष्ट होतात. रक्तातला आकडा नंतर बराचसा सावरतो, आतड्यातलं नुकसान तितकं भरून येत नाही. अस्तर गळकं होतं, आतल्या जिवाणूंचे तुकडे रक्तात झिरपतात, आणि प्रतिकारयंत्रणा वर्षानुवर्षं विनाकारण पेटलेली राहते. पेटलेली म्हणजे जाग्या पेशी, आणि जाग्या पेशी म्हणजे विषाणूला आणखी खाद्य. पुढे माणूस खंगतो तो पुष्कळसा या न विझणाऱ्या धगीमुळे.

तर तुम्ही मला विचारता, यंत्रणा आणखी पेटवू का. तुमच्या पावडरीत तेवढी ताकद नाही हे नशीबच. पण असती, तर या लढाईत ती कोणाच्या बाजूनं गेली असती, हा प्रश्न मी तुम्हाला उलट विचारते.

गुळवेलीबद्दल एवढंच सांगते की कोविडच्या काळात ती घेतल्यानंतर यकृताला इजा झालेले सहा रुग्ण मुंबईतल्या डॉक्टरांनी २०२१ मध्ये नोंदवले होते. आयुष मंत्रालयानं त्यावर आक्षेप घेतला, वाद झाला. वाद कुणी जिंकला ते सोडा. ताप येऊन गेलेल्या शरीरात, रक्ताच्या तपासण्या व्हायच्या असताना, यकृताची आणखी एक शंका कशाला हवी? झिंकचं वेगळंच. उद्या औषध सुरू करायची वेळ आली, तर हल्ली सरकारी केंद्रात मिळणाऱ्या गोळीत डोलुटेग्रावीर असतं, आणि झिंक, लोह, कॅल्शियमच्या गोळ्या सोबत घेतल्या तर ते नीट शोषलं जात नाही. अशा गोळ्या लागल्याच तर त्याच्या सहा तास आधी किंवा दोन तास नंतर घेतात. ॲसिडिटीच्या काही औषधांचंही तसंच आहे. हे इतर वाचकांनीही लिहून ठेवा. ‘बाई, टॉनिक तर आहे’ म्हणत लोक हे डॉक्टरांना सांगतच नाहीत.

सीडी-४ ची चाचणी आत्ता करू नका. ती एचआयव्ही आहे की नाही हे सांगतच नाही. साध्या व्हायरलमध्येही हा आकडा खाली जातो, आणि खरी लागण असली तर सुरुवातीला पडून पुन्हा वर येतो. म्हणजे पाचशेच्या वर आला तर तुम्ही फुकट खूश व्हाल आणि खाली आला तर फुकट रात्र जागून काढाल. तुमच्या ३२०० पांढऱ्या पेशींचंही तेच. डेंग्यूत कमी होतात, इतर व्हायरलमध्ये होतात, यातही होतात.

मग तुमचा ताप कसला होता? मला माहीत नाही, आणि नुसत्या लक्षणांवरून कुणालाच सांगता येणार नाही. तुमच्या कारखान्यापासून भोसरी लांब नाही. तिथल्या राष्ट्रीय एड्स संशोधन संस्थेच्या लोकांनी नव्वदीच्या दशकात पुण्यातल्या गुप्तरोग दवाखान्यांत येणाऱ्यांचं रक्त एका वेगळ्या तऱ्हेनं तपासलं होतं. प्रतिपिंडं नाहीत, पण विषाणूचं पी-२४ नावाचं प्रथिन आहे, अशी माणसं त्यांनी शोधली. म्हणजे अगदी ताजी लागण. १९९७ मध्ये ते प्रसिद्ध झालं. त्या लोकांत ताप, सांधेदुखी आणि रात्रीचा घाम इतरांपेक्षा जास्त आढळला. आता सांगा, पावसाळ्यात पुण्यात ताप आणि सांधेदुखी कुणाला नसते? तुमची लक्षणं आणि सतरावा दिवस जुळतात म्हणून मी तपासा म्हणते आहे. लागण झालीच आहे असं म्हणत नाही. जोडीदार बाईला एचआयव्ही असला, तरी एका वेळच्या संबंधातून पुरुषाला लागण होण्याची शक्यता सरासरी दहा हजारांत चार मानली जाते. जननेंद्रियावर जखम असेल किंवा समोरच्या व्यक्तीची लागण ताजी असेल तर ती बरीच वाढते. आणि ‘त्या चांगल्या घरातल्या, तब्येतीनं उत्तम’ हे जे तुम्ही लिहिलंय, त्याचा यात काही उपयोग नाही. विषाणू सगळ्यात जास्त असतो तेव्हा माणूस अनेकदा ठणठणीतच दिसतो. घराण्याचं तर काही विचारूच नका.

आता तपासण्या. तुम्हाला हवी ती ‘फोर्थ जनरेशन’ म्हणतात ती चाचणी, प्रयोगशाळेतली, दंडातून रक्त काढून केलेली. ती प्रतिपिंडांबरोबर पी-२४ ही शोधते, म्हणून लवकर सांगते, १८ ते ४५ दिवसांत. बोटाच्या थेंबावर केलेली तितकी भरवशाची नाही. आज जाऊन करा. तो ताप खरोखर एचआयव्हीचा असता, तर एवढ्या दिवसांनी ती बहुतेक पॉझिटिव्ह यायला हवी. निगेटिव्ह आली तर पंचेचाळीस दिवस पूर्ण झाल्यावर पुन्हा एकदा करा. तीही निगेटिव्ह आली, आणि मधे नवा धोका घेतला नसेल, तर विषय संपला. विषाणू थेट मोजणारी चाचणी याहूनही लवकर सांगते, पण महाग आहे आणि ती डॉक्टरांना विचारूनच करावी. सोबत सिफिलिस आणि हिपॅटायटिस बी तपासून घ्या. पुरळ सिफिलिसचंही असतं, आणि एचआयव्हीच्या धास्तीत त्याची आठवण कुणालाच राहत नाही.

सरकारी केंद्रात, म्हणजे आयसीटीसीमध्ये, तपासणी आणि समुपदेशन मोफत आहे. जवळचं केंद्र १०९७ या टोल-फ्री क्रमांकावर कळेल. तिथे बहुधा रॅपिड पट्टीच असते, म्हणून ते तुम्हाला तीन महिन्यांनी परत बोलावतील. नव्वदावा दिवस तुमच्या लग्नानंतर दहा दिवसांनी येतो. म्हणूनच प्रयोगशाळेतल्या चाचणीवर मी एवढा भर देते आहे. पंचेचाळिसावा दिवस लग्नाच्या पाच आठवडे आधी येतो. तेवढ्यात सगळं करता येतं. केंद्रात गेल्यावर संबंध आल्याची तारीख सांगा, लाजू नका. आमच्यासारख्यांनी त्याहून पुष्कळ ऐकलेलं असतं. २०१७ च्या एचआयव्ही-एड्स कायद्यानुसार तुमच्या संमतीशिवाय तपासणी करता येत नाही, निकाल गुप्त ठेवावा लागतो, आणि त्यावरून नोकरीवरून काढता येत नाही.

इतर वाचकांसाठी एक गोष्ट मधेच सांगते. असा प्रसंग घडून ७२ तास झाले नसतील, तर वाट बघत बसू नका. सरळ सरकारी रुग्णालय गाठा. २८ दिवसांच्या औषधानं लागण टाळता येऊ शकते, आणि जितक्या लवकर जाल तितकं बरं. या पत्रलेखकांची ती गाडी चुकली आहे.

समजा पॉझिटिव्ह आलं. आधी केंद्रात वेगवेगळ्या पट्ट्यांवर खात्री करतील. मग औषध, तेही लगेच. आपल्याकडे २०१७ पासून सीडी-४ कितीही असला तरी उपचार सुरू करतात. २०१५ मध्ये एका मोठ्या आंतरराष्ट्रीय अभ्यासात, सीडी-४ चांगला असतानाच उपचार सुरू केलेल्यांत गंभीर आजार आणि मृत्यूचा धोका ५७ टक्क्यांनी कमी दिसला होता. बँकॉकमध्ये लागणीच्या अगदी पहिल्या दिवसांत लोकांना शोधून औषध देतात. तिथे असं दिसलं की इतक्या लवकर औषध मिळालं तर आतड्यातल्या पेशी बऱ्याच वाचतात. लपलेला विषाणू मात्र जात नाही. तिथल्याच, अगदी पहिल्या टप्प्यात औषध सुरू केलेल्या आठ जणांनी देखरेखीखाली ते थांबवून पाहिलं, आठही जणांत विषाणू परत आला. म्हणून गोळी रोजची आणि कायमची. पण ती नेमानं घेऊन विषाणू चाचणीत सापडेनासा झाला आणि तसाच राहिला, की लैंगिक संबंधातून जोडीदाराला लागण होत नाही. अशी जोडपी माझ्या ओळखीत आहेत, त्यांची मुलं शाळेत जातात.

आणि होणारी बायको? तुम्ही विचारलंय, ‘सांगून तिचं मन मोडू का?’ यात एक गोष्ट तुम्ही गृहीत धरली आहे. तिचं मन सांगण्यानं मोडेल, न सांगण्यानं नाही. मला ते पटत नाही. पॉझिटिव्ह आलं तर लग्नाआधी सांगावंच लागेल, त्यात पर्याय ठेवू नका. एकट्यानं जमणार नसेल तर समुपदेशकासमोर दोघांनी बसा. ती काय ठरवेल तो तिचा अधिकार. दोन्ही चाचण्या निगेटिव्ह आल्या तर मात्र ते परगावचं प्रकरण सांगायचं की नाही, हा वैद्यकीय प्रश्न उरत नाही. तिथे मी तुम्हाला ढकलणार नाही. माझं मन सांगण्याकडे झुकतं, पण लग्न मला करायचं नाहीये. निकाल येईपर्यंत शरीरसंबंध नको, कंडोम लावूनही नको. तेवढे दिवस निघतात. आणि साखरपुड्यात पत्रिका, गुण, नाडी सगळं पाहून झालं असेल, तर ‘आपण दोघंही एकदा रक्त तपासून घेऊ’ हे तिला सहज म्हणता येईल. कदाचित तिलाही विचारायचं असेल आणि धीर होत नसेल.

राहिला कप. तुम्ही लिहिलंय, आईनं दोनदा विचारलं, ‘हा कप वेगळा का ठेवतोस?’, आणि तुम्ही ‘सर्दी आहे’ म्हणालात. तीन आठवडे सर्दी. आई आहे ती, तिला तुमची सर्दी कळते. चहा, ताट, पाणी, मिठी, संडास-बाथरूम यांतून हा विषाणू जात नाही. कप परत सगळ्यांच्यात ठेवून द्या. रेझर मात्र स्वतःचाच वापरा. आणि कारखान्यात रक्तदान शिबिर लागलं तर यंदा नाव देऊ नका. रक्तपेढीत तपासणी होते, पण या दिवसांतलं रक्त तिच्यातून निसटू शकतं. कुणी आग्रह केलाच, तर त्यांना सर्दी सांगितलीत तरी चालेल.